मागचा डोंगर खोटा काढायचा

दातबाईला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, दात राहतात. शहरातल्या एका डेंटल लॅबमध्ये ती खोट्या दातांना रंग देते. डॉक्टरांकडून प्लॅस्टरचा साचा येतो, त्यात बसेल असा दात दुसरं कुणीतरी घडवतं आणि मग तो तिच्या टेबलावर येतो. शेजारच्या खऱ्या दाताजवळ बसल्यावर तो वेगळा कळता कामा नये. हिरडीपाशी पिवळसर, मधे दुधी, टोकाला किंचित निळा. पांढरा दात नावाची गोष्ट जगात नसते, हे तिने नोकरीच्या सुरुवातीलाच शिकून घेतलं. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की ती आधी तोंडात बघते, मग वर. यावरून नवरा तिची यथेच्छ टिंगल करतो.

"अहो, आत्ता हात केला त्या कोण?"

"त्या? वरच्या दोन दातांत फट असलेल्या? तुझी नणंद."

चित्रांचं वेड नंतरचं. तिच्या बहिणीचा मुलगा आफ्रिकेत जंगली जनावरांची राखण करणाऱ्या एका संस्थेत आहे. गस्तीची गाडी चालवतो, फोटो काढतो. त्याने गमतीने पाठवलेल्या गेंड्याच्या फोटोवरून मावशीने लॅबमधल्याच बारीक ब्रशने एक चित्र काढलं. संस्थेच्या इथल्या लोकांनी ते प्रदर्शनात लावलं, ते विकलं गेलं आणि त्या पैशातून गस्तीवाल्यांना बूट मिळाले. भाच्याने त्या बुटांचाही फोटो पाठवला. तेव्हापासून सुट्टीचा दिवस जनावरांचा. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं टेबल तिचं झालं. नवऱ्याला जेवायला बसायचं तर आधी झेब्रा उचलून ठेवावा लागे.

भाच्याची अट एकच होती, आणि ती त्याने पहिल्याच चित्राच्या वेळी सांगितली होती.

"मावशी, जनावर हुबेहूब काढ. पण मागचा डोंगर खोटा काढायचा. झाडं खोटी, पाणी खोटं."

"का रे? तिथले डोंगर काय वाईट आहेत?"

"ज्यांना दात हवेत, शिंगं हवीत, त्यांना जनावर कसं दिसतं हे चांगलं माहीत असतं. ते कुठे आहे एवढंच माहीत नसतं."

म्हणून तिच्या सगळ्या सिंह-गेंड्यांच्या मागे घराच्या खिडकीतून दिसणारी दगडाची खाण असायची. नवरा म्हणायचा, "आपल्या खाणीत जिराफ चरतात हे नगरपालिकेला कळवलंस का?"

मग भाच्याने म्हातारबाचा फोटो पाठवला.

म्हातारबा हे गस्तीवाल्यांनी ठेवलेलं नाव. इतके लांब दात असलेले हत्ती आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, असं भाचा म्हणाला. दोन्ही दात जमिनीला टेकलेले, उजव्याचं टोक तुटलेलं. त्या भागातले गस्तीवाले बाकी सगळं सोडून या एकाच्या मागावर असायचे, तो जगावा म्हणून. फोटोत सकाळची वेळ होती. मागे उंच कडा होता, कड्याला खिंड होती आणि खिंडीतून आलेलं तिरपं ऊन नेमकं त्या तुटक्या दातावर पडलं होतं.

दातबाईने आयुष्यभर माणसांचे दात रंगवले होते. हा दात रंगवताना तिने घाई केली नाही. मुळाशी तपकिरी, चिरांमध्ये माती, मधे जुन्या लोण्याचा रंग. मग तिने मागे खाण काढली, आणि चित्र फसलं. डोंगराला खिंड नाही तर ऊन कुठलं? ऊन पुसलं तर दात प्लॅस्टिकचा दिसू लागला. तिने खाण बदलून टेकड्या केल्या, ढग केले. काही केल्या जमेना. शेवटी तिने सगळं खरवडलं आणि फोटोतली खिंड काढली, जशी होती तशी. झाडं मात्र खोटी काढली. इतक्या लांब, या शहरात, कोण ओळखतंय?

दरवेळी ती पुरं चित्र भाच्याला पाठवायची. या वेळी तिने फक्त डोकं आणि दात पाठवले. "म्हातारबाला जिवंत केलंस," असं उत्तर आलं. ते वाचून तिला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही.

प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. नवरा बाहेर वॉचमनशी गप्पा मारत बसला होता. लोक येत होते, "बापरे, केवढे दात!" म्हणत होते, पुढे जात होते. एक माणूस मात्र म्हातारबासमोर बराच वेळ थांबला. दातबाई जवळ गेली. आपल्या चित्रासमोर कुणी थांबलं की कुठल्या चित्रकाराचे पाय मागे राहतात?

"सकाळ की संध्याकाळ?" त्याने विचारलं.

"सकाळ. संध्याकाळी त्या खिंडीतून ऊन कसं येईल?"

"म्हणजे खिंड पूर्वेला."

"हो."

"पाय गुडघ्यापर्यंत ओले आहेत. आत्ताच पाण्यातून आलाय."

"त्याचं पाणी ठरलेलं आहे," ती कौतुकाने म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस आल्यापासून हत्तीकडे बघतच नाहीये. तो कड्याची कड बघत होता, डावीकडून उजवीकडे, शांतपणे, रस्ता पाठ करावा तशी.

"डोंगर खोटा आहे," ती म्हणाली. "मनानेच काढलाय."

तो हसला. "छान काढलाय." खिशातून मोबाईल काढून त्याने फोटो घेतला. संस्थेच्या बाई लगबगीने पुढे आल्या, विकत घ्यायचं का म्हणाल्या. "नको," तो म्हणाला, "ठेवायला जागा नाही." आणि निघून गेला.

घरी परतताना तिने नवऱ्याला सांगितलं. "अगं, असेल एखादा हौशी," तो म्हणाला. पण या खेपेला त्याने टिंगल केली नाही.

तिने भाच्याला फोन लावला आणि काहीही न गाळता सांगितलं, डोकं आणि दात तेवढेच का पाठवले तेसुद्धा. पलीकडे गाडीचं इंजिन चालू होतं. ते बंद झालं.

"मावशी, खिंड काढलीस?"

"काढली."

"माणूस कसा होता?"

"वरचा डावीकडचा पुढचा दात बसवलेला. एक शेड जास्त उजळ. घाईत केलेलं काम."

"चेहरा, मावशी. चेहरा सांग."

तिने आठवून बघितलं. शर्ट आठवेना, केस आठवेनात, उंची आठवेना. "नाही रे आठवत."

मग तिनेच विचारलं, "म्हातारबाला दुसरीकडे नेता नाही येणार?"

"न्यायला बैल आहे का तो? कोरड्या दिवसांत त्याला पाणी तिथेच आहे. तो तिथेच येणार."

दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या आधी ती दारात उभी होती. चित्र कागदात गुंडाळून घरी आणलं. संस्थेच्या बाई नाराज झाल्या, चांगलं गिऱ्हाईक आलं होतं म्हणाल्या. ते गिऱ्हाईक कोण, हे विचारायचं तिला धैर्य झालं नाही.

काही दिवसांनी भाच्याचा फोन आला. गस्तीवाले खिंडीत पोचले तेव्हा तिथे चुलीची राख होती, रिकामे डबे होते आणि परक्या गाडीच्या चाकांच्या खुणा. माणसं नव्हती. म्हातारबा पाण्यावर आलेला नव्हता.

"म्हणजे सावध झाला असेल. होय ना?"

"असेल. नसेलही. रक्त कुठे दिसलं नाही, एवढंच सांगतो."

"तू जपून राहा रे."

"आता खिंडीत आम्हीच बसतोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो अजून फोटो पाठवतो. मावशीवर राग नाही असं म्हणतो. पण हल्लीचे फोटो कापून येतात. जनावराच्या पाठीच्या रेषेला चिकटून कापलेले. मागे आभाळाची चिंधीसुद्धा नसते. काय कापलं हे तिने कधी विचारलं नाही. म्हातारबा त्यात अजून आलेला नाही.

लॅबमध्ये एखाद्याचा वरचा डावा पुढचा दात बदलायला आला की ती त्याचा साचा जरा जास्त वेळ हातात धरून बसते. शेजारच्या टेबलावरची म्हणते, "काय हो दातबाई, ओळखीचं तोंड?" ती नाही म्हणते आणि साचा खाली ठेवते.

ते चित्र स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभं आहे. खिंड तिने कड्याच्याच काळ्या रंगाने बुजवून टाकली. दातावरचं ऊन मात्र तिला पुसवलं नाही. जेवताना नवरा समोर बसतो, तेव्हा त्याचं लक्ष तिकडेच जातं. सलग काळा कडा, त्यापुढे हत्ती, आणि त्याच्या तुटक्या दातावर कुठूनही न आलेलं ऊन.