गोळी फुकट, ऊन कुलपात

आज लई डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

चिकलठाण्यातल्या आमच्या सोसायटीनं सकाळी पार्किंगमध्ये ज्येष्ठांसाठी शिबिर घेतलं. माझ्या आईसारख्या गुडघे धरून चालणाऱ्यांना व्हिटॅमिन डीच्या गोळ्या फुकट वाटल्या. तपासायला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळी घ्या, पण रोज थोडं उन्हातही बसा."

आई लगेच चेअरमनला म्हणाली, "मग गच्चीची किल्ली द्या की भाऊ. आमच्या घरात ऊन येतच नाय."

"मावशी, वर कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची?"

या जबाबदारीपायीच गच्चीला कायम कुलूप असतं.

मग फोटोची वेळ आली. पार्किंगमध्ये अंधार, चेहरे नीट दिसेनात. तर याच माणसानं गच्ची उघडली. गोळ्यांची पाकिटं हातात धरून सगळे म्हातारे उन्हात उभे राहिले. तेव्हा कुणी पडायची भीती नव्हती.

फोटो झाला. आई टाकीच्या कठड्यावर जरा टेकली, तोच आवाज आला, "चला मावशी, कुलूप लावायचंय."

फोटो आता सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. त्यात आई डोळे मिटून, उन्हाकडं तोंड करून उभी आहे. खाली धडाधड अंगठे पडतायत.

तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली कुणाकडं असते?