शनिवारची मेंदी

बोलता बोलता तिचा उजवा हात मागे जायचा, अंबाड्यात खोचलेली क्रोशाची सुई काढायचा आणि सुईचं बोथट टोक केसांत घालून ती कर्र कर्र डोकं खाजवायची. बोलणं थांबायचं नाही. सुई परत अंबाड्यात. दोन मिनिटांनी पुन्हा बाहेर. विणकाम तिने कधीचंच सोडलं होतं, डोळ्यांना टाके दिसेनात म्हणून. सुई मात्र सोडली नव्हती.

"वयनी, डोक्याक काय झाला गे?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"काय नाय गे. मेंदी ती. झाडाचो पालो. झाड कधी चावता?"

आमच्या इब्रामपूरला तिचं घर आणि माझं घर यांच्यात एक फणस आणि कमरेएवढा दगडी गडगा, एवढंच. तिचे यजमान आणि माझे यजमान भावासारखे होते, म्हणून ती माझी वयनी. पुढे मी म्हणते म्हणून सगळा वाडा तिला वयनी म्हणू लागला. दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतराने गेले. माझी मुलं म्हापशाला, तिची लेक फोंड्याला आणि मुलगा लंडनला, तिथल्या हॉटेलात स्वयंपाकी. संध्याकाळी सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, आम्ही दोघी भिंतीला टेकून बसायचो. मी काही शिकलेली बाई नाही. बालवाडीत खिचडी शिजवायचे आणि तिथल्या पोरांच्या पुस्तकांवरून वाचायला लिहायला धीट झाले. त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तर शनिवार म्हणजे तिच्या मेंदीचा. शुक्रवारीच लोखंडी कायलीत मेंदी भिजायची, त्यात चहाचं काळं पाणी, आवळ्याची पूड आणि थोडं दही. शनिवारी सकाळी डोक्यावर मेंदीचा थर, वर केळीचं पान, त्यावर जुना टॉवेल. मेंदीने केस लाल झाले की मग दुसरा थर, निळीच्या पाल्याची पूड म्हणून पेडण्याच्या बाजारात पाकीट मिळायचं त्याचा. तेव्हा कुठे काळे.

एका शनिवारी अशीच पान बांधून ती दारात उभी असताना पाववाला पोदेर आला. सायकलवरूनच म्हणाला, "काय वयनी, डोक्यार आज पातोळ्यो उकडतस?"

"व्हय रे. सांजेक ये, एक तुका देतंय. पण गूळ घरसून घेवन ये."

पातोळ्या हळदीच्या पानात गुंडाळूनच उकडतात ना! तो हसत भोंगा वाजवत गेला. तीही हसली, आणि हसता हसता पानाखाली सुई घातली.

पाकिटावर लिहिलेलं होतं, महिन्यातून एकदा लावा. ती दर शनिवारी लावायची. का, तर रविवारी लंडनहून व्हिडिओ कॉल यायचा, आणि आठवड्याभरात भांगाशी पांढरी रेघ दिसू लागायची. बरं, धुताना रंग जाईल म्हणून दोनच तांबे पाणी. ती पूड केसांच्या मुळाशी रेतीसारखी बसून राहायची. मी शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, "तू गप रव. तुझे केस तुका, माझे माका."

माझे केस केव्हाच पांढरे झाले होते. मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

एकदा मी खरंच रागावले. म्हटलं, "कशाक इतको जीव काढतस? ह्या वयात कोण बघणार आसा तुका?"

तिने वरच्या वाड्याकडे बोट केलं. "ती काकी आठवता मगे तुका? झिलान एकदा येऊन तिचे पांढरे केस बघले. 'आई, तू म्हातारी झालंस' म्हणालो आणि आठ दिसांत उचलून घेऊन गेलो. आता त्या घराच्या खिडकीतसून वेल भायर इल्ली आसा." मग म्हणाली, "केस काळे आसत तवसर माका कोण हालवचो नाय. माका ह्याच सोप्यार बसान मराचा आसा."

त्यानंतर मी मेंदीवरून तिला बोलायची नाही. उलट तिच्या कटात सामील झाले म्हणा. रविवारी फोन मी धरायचे, दिव्याच्या बेताने, म्हणजे भांग फार उजेडात यायला नको. ती कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, ताठ बसायची आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायची. फोनवर खाजवायचं नाही, असा तिचा नेम. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. खाज सहन होईना की डोळ्यांत पाणी यायचं.

तिकडून मुलगा विचारायचा, "आई, रडतंस कित्याक?"

"रडता कोण? आताच कांदो चिरलंय."

मुलगा नेहमी डोक्यावर टोपी घालून बसलेला. फोन ठेवला की ती म्हणायची, "किती थंडी गे थय. माझ्या बाबूची टोपी काय निघणा नाय." आणि मग दोन्ही हात मोकळे करून अशी खाजवायची, अशी खाजवायची, की मला बघवत नसे.

पुढे कानामागे सूज आली, पाणी वाहू लागलं. मग मात्र मी तिचं ऐकलं नाही. पाकीट पिशवीत घातलं आणि तिला पेडण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने पाकिटावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली. म्हणाला, नुसती मेंदी बहुतेकांना सोसते, पण एखाद्याला साधा पालाही सोसत नाही. आणि ह्या पुडीत केस लवकर काळे व्हावेत म्हणून पाल्याखेरीज दुसरंही काहीतरी घातलेलं आहे. सगळं बंद करायचं, अजिबात लावायचं नाही.

वयनी म्हणाली, "डॉक्टर, झाडाचो पालो तो. झाड कधी चावता?"

डॉक्टर म्हणाला, "आजी, खाजकुइली पण झाडालाच येते ना?"

मी हसले. ती हसली नाही. बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. घर आलं तेव्हा म्हणाली, "आयकलंस मगे? केस काळे आसान आजी म्हणालो माका."

त्या शनिवारी मी तिच्या न्हाणीत गेले. भाण, म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं, भरून खाली जाळ घातला. तिला पाटावर बसवलं, कोमट पाणी तांब्यातांब्याने डोक्यावर ओतत गेले. पहिल्यांदा काळं पाणी आलं, मग हिरवट, मग चहासारखं. माझ्या बोटांना तिच्या टाळूवरच्या खपल्या लागत होत्या, सुईचे ओरखडे लागत होते. भाण अर्धं झालं तरी पाणी रंगीतच. मी ओतत राहिले.

तिने मान खाली घातलेली. मला वाटलं, डोळे मिटलेत. खालूनच म्हणाली, "घाई करू नको गे."

"दुखता?"

"नाय. आमचे गेले तेच्यानंतर कोणी डोक्याक हात लावलो नाय माझ्या."

माझ्याही डोक्याला कुठे कोणी लावला होता? पाणी स्वच्छ आल्यावरही मी आणखी चार तांबे ओतले.

मग शनिवार तसेच होत गेले. मेंदी गेली, पाणी आलं. आधी मी तिला खोबरेल लावायचे, मग कोमट पाणी, मग डॉक्टरचं मलम त्याच्या त्याच्या जागी, मग सोप्यावर केस सुकवणं. एका शनिवारी तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. म्हणाली, "बस पाटार. आज तुझी पाळी." खाज महिनाभरात बसली. सुई अंबाड्यात नुसतीच राहू लागली. भांगाशी पांढरं एक बोट आलं, मग दोन बोटं. खालचे केस काळे, वरचे कापूस. मी म्हणायचे, "वयनी, तू आता मांजर झालंस, अर्धी काळी अर्धी गोरी." ती म्हणायची, "तू ताडगोळो, वरसून पांढरो, आत पाणी."

पण रविवारी व्हिडिओ नाही. "रेंज नाय रे बाबू," असं ती आवाजावरच सांगायची. फोन माझ्या हातात, रेंजच्या काड्या पूर्ण, आणि मी मान डोलावतेय. एक रविवार, चार रविवार, आठ रविवार. मुलगा काळजीत पडला. एकदा त्याने मलाच फोन केला, आईला काही झालंय का, माझ्यापासून लपवताय का, म्हणून. त्याचा आवाज ऐकून मला भरून आलं.

इथे माझी चूक झाली. मी वयनीला म्हटलं, "दाखव एकदा. पोटचो पोर तो, वाघ नाय." ती नाही म्हणाली. मी पुढच्या आठवड्यातही म्हटलं, त्याच्या पुढच्याही. शेवटी म्हणाली, "तू सांगतंस म्हणान हां."

त्या रविवारी मी फोन सरळ उजेडात धरला. मुलगा बघतच राहिला. मग त्याने हळूच आपली टोपी काढली. आतून तुळतुळीत टक्कल. बाजूला उरलेत ते केसही करडे.

"बाबू! ह्या काय रे?"

"तू घाबरशीत म्हणान टोपी घाली होतंय, आई."

आम्ही तिघं एवढे हसलो की फोन माझ्या हातात हलायला लागला. ती डोळे पुसत म्हणाली, "आणि मी म्हणतंय, थय थंडी!"

हसणं ओसरलं. तो स्क्रीनवरून आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, तू आता एकटी रवू नको."

मी तिच्याकडे बघितलं नाही. मला बघता आलं नाही.

पंधरा दिवसांत फोंड्याहून लेक गाडी घेऊन आली. चांगली मुलगी, तिसऱ्या मजल्यावर आईसाठी वेगळी खोली केलेली. भांडणाला जागाच नव्हती. वयनीने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या मुठीत दिली. एका शब्दाने मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "खोबरेल उरला आसा बाटलीत. तू लाव." गाडीत बसताना तिचा हात मागे गेला, सुई आहे की नाही ते बघितलं, आणि दार लागलं.

तिचा फोन येतो, नाही असं नाही. परवा आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मला मागून आवाज आला, कर्र कर्र.

मी म्हटलं, "वयनी, परत लावलंस?"

ती हळू आवाजात म्हणाली, बहुधा लेक शेजारच्या खोलीत असावी, "सगळे काळे केले गे. लेकीक दाखवलंय, बघ, मी काय म्हातारी दिसतंय? आता सोडतली ती माका घरा. तू सोपो झाडून ठेव."

"डॉक्टर काय म्हणालो होतो?"

"झाडाचो पालो तो," ती म्हणाली. पुढचं बोललीच नाही.

इतकी वर्षं मी तिला लावू नको, लावू नको म्हणून सांगत आले. त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघेना. मी एवढंच म्हटलं, "धुताना पाणी स्वच्छ येयसर धू."

"व्हय. पण हय मागसून ओतूक कोण नाय गे."

सोपा मी रोज झाडते. भिंतीवर तिचं डोकं टेकायचं तिथे मेंदीतेलाचा गोल काळा डाग आहे. त्याच्या शेजारी माझ्या डोक्याचा, फिका. आणि शनिवारी सवयीने भाण दोघींपुरतं भरलं जातं. अर्धं पाणी तसंच निवतं.