आप्पांची पळी आणि स्पॅनिश क्रियापदं

मी परदेशी निघाले त्या दिवशी पालमच्या स्टँडवर परभणीची गाडी लागली होती आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्या बॅगेची चेन उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. "खिडकीपाशी बस. पोचलीस की फोन कर. उपाशी राहू नको." चौथ्यांदा चेन लावून म्हणाले, "निघतो मी, दुकानात गिऱ्हाईक आलं असंल." आणि गाडी हलायच्या आधीच वळले. 'जाऊ नको' असं काही ते म्हणाले नाहीत. मी त्याची वाट पाहत होते, हे आता कबूल करते.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. माझ्यासाठी स्थळं शोधून आप्पा थकले होते. नाही म्हणून मी मुळीच थकले नव्हते. परभणीच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या एका रेसिदेन्सियात, म्हणजे वृद्धाश्रमात, लागले. आपला बाप पालमला ठेवून परक्यांच्या बापांना आंघोळी घालू लागले. तीन वर्षांनी हाती कागद आला: कायम व्हायचं तर स्पॅनिशची वरची परीक्षा द्या, नाहीतर करार संपला की घरी.

घरी! परत जायची भीती आणि इथंच राहून जायची भीती, दोन्ही एकाच पोटात मावत नव्हत्या.

त्या परीक्षेत एक भूत बसलेलं असतं. पूर्वी कुणाला काय वाटत होतं, कशाची धास्ती होती, कुणी काय करायला सांगितलं होतं, हे बोलायचं तर पुढच्या क्रियापदाला वेगळंच रूप लागतं. नेमाची, म्हणजे नियमानं चालणारी, क्रियापदं तशी गरीब. 'आब्लारोन' म्हणजे ते बोलले. त्यातलं 'रोन' काढा, 'रा' लावा, झालं 'आब्लारा'. 'कोमिएरोन'चं 'कोमिएरा', 'विविएरोन'चं 'विविएरा'. कागदावर अगदी सोपं. तोंड उघडलं की दातखीळ.

तेव्हा मला पळी आठवली. आमचं भांड्यांचं दुकान. लहानपणी मी पाढे म्हणायची आणि गिऱ्हाइकाला तांब्या वाजवून दाखवता दाखवता आप्पा ऐकायचे. चुकलं की पळी ताटावर, टण्ण! पुन्हा एकापासून. मी सगळी रूपं देवनागरीत लिहून आप्पांना पाठवली. त्यांनी ती वहीत उतरवून घेतली. माझ्या जेवणाच्या सुट्टीत, पालमच्या दिवेलागणीला, रोज फोन. मी 'आब्लारामोस'वर, म्हणजे 'आम्ही'च्या रूपावर, अडखळले की सातासमुद्रापलीकडून टण्ण!

"आप्पा, कसला मंतर चालू हाय?" गिऱ्हाईक विचारायचं.

"मंतर न्हाई, पोरीचा इम्तिहान हाय. तुमी घागर बघा."

रूपं पाठ झाली, तशी एक दिवस मी आगाऊपणा करून अख्खं वाक्य म्हटलं. "मि पाद्रे केरिया के मे केदारा."

टण्ण!

"आप्पा, हे वहीत न्हाई. आणि बरोबर हाय."

"असंल बरोबर. आवाज बद्द आला, तडा गेल्यावानी. काय म्हणायलीस?"

सांगावं की टाळावं? सांगून टाकलं. "बापाला वाटत होतं, पोरीनं राहावं."

पलीकडे पळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आप्पा म्हणाले, "कुणी सांगितलं तुला?"

"तुमी चेन चारदा लावली."

"चेन खराब होती. म्हण पुन्हा. एकापासून."

तोंडी परीक्षेत समोरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही निघालात तेव्हा घरच्यांना काय वाटत होतं? मी तेच वाक्य म्हटलं आणि कान देऊन थांबले. टण्ण काही आलं नाही. बाई पुढच्या प्रश्नाला गेल्या.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, पूर्वी घर म्हटलं की मला दुकानामागची आमची खोली दिसायची. आता घर म्हणजे आपली चूक ऐकायला कुणीतरी पळी उचलून बसलेलं आहे, एवढंच. फोन लावला की आप्पा उचलेपर्यंत मी रिंगा मोजत असते. एक दिवस नुसतीच रिंग वाजत राहील, ही भीती कुठलीच परीक्षा पास होऊन जात नाही.

निकाल सांगायला फोन केला. "आप्पा, पास झाले! आता नोकरी कायम."

पळी ताटावर अशी वाजली, की वाजंत्रीवाले लाजावेत. मग एकदम थांबली.

"म्हंजे आता ते पाढे बंद?"

"बंद कसे? ही तर नुसती नेमाची झाली. बिननेमाची सगळी बाकी हायत."

"किती हायत?"

"लय हायत, आप्पा."

"मग उद्या जल्दी लाव फोन," आप्पा म्हणाले. "वहीत जागा करून ठेवतो."