उंदीर चालले होते

सुरभी हमरापूरची. माहेरी सगळे गणपती रंगवणारे. तिनं मात्र बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन रोह्याला आल्यावर धाटावजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. मूळपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, उपचार माणसांना देण्याआधी तिथे उंदरांवर तपासत. उंदरांची देखभाल सुरभीकडे होती.

तिचा धाकटा भाऊ नितेश मूर्ती ट्रकमध्ये चढवताना फळीवरून पडला आणि त्याचा कणा मोडला. कमरेखालचं अंग गेलं. खाटेवर बसून तो लहान मूर्तींचे डोळे रंगवायचा.

त्याच वर्षी प्रयोगशाळेत कणा दुखावलेल्या उंदरांना मूळपेशी टोचल्या. काही आठवड्यांनी मागचे पाय फरफटवणारी एक उंदरीण पाय टेकत दाण्यापर्यंत गेली. सुरभीला राहवलं नाही. हमरापूरला गेल्यावर जेवताना तिनं सांगून टाकलं.

तिची आई विमलबाई घास हातात धरूनच थांबली. "म्हंजे आपला नितेशपण चालंल?"

"अजून तपासायचं हाय, आई. वर्षं लागतील."

नितेशला पुढचं ऐकूच आलं नाही. तो आईकडून पायांना तेल चोळून घ्यायला लागला. फोनवर पहिलं विचारायचा, "ताई, उंदीर कसे हायेत?"

पावसाळा सरला. एका उंदराच्या पाठीवरून बोट फिरवताना सुरभीला गाठ लागली. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्याही. टोचलेल्या पेशी वाढतच राहिल्या होत्या. उंदीर पुन्हा फरफटू लागले आणि मेले. तो उपचार तिथेच थांबवला.

"माणसाला द्यायच्या आधी कळलं, हे बरं झालं," प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नमिता म्हणाल्या. सुरभीलाही ते पटत होतं. पिंजरे धुताना मात्र तिला रडू आवरेना.

नितेशला सांगायला ती स्वतः गेली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण चालले ना?"

"चालले. थोडे महिने. मग गाठी आल्या, लय हाल झाले त्यांचे."

"मला तेवढे महिने दे गो ताई. गणपतीच्या कारखान्यापर्यंत पायी जाईन. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"तसं देता येत नाय, नितेश. कोणालाच."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर तो तिच्याशी फोनवर बोलला नाही. तेल चोळणं बंद झालं. कूस बदलून द्यायला कोणी आलं तर हात झिडकारायचा. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, ताप उतरेना. शिमग्याच्या आधी तो गेला.

बाराव्याला विमलबाई म्हणाली, "तू दिलं असतंस तर चार दिस तरी चालला असता गो माझा पोर."

सुरभी आईच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळानं आईनं तो हात हळूच बाजूला केला आणि चुलीकडे गेली.

सुरभी अजून त्याच प्रयोगशाळेत काम करते. आता वेगळ्या पेशी टोचलेले नवे उंदीर आले आहेत. त्यातले काही पाय टेकू लागलेत. ती रोज एकेकाची पाठ चाचपते. अजून गाठ लागलेली नाही. माहेरी मात्र ती यातलं काहीच बोलत नाही.