तोरणाला बांधलेली निळी वायर

राज्य नवं झालं होतं, साहेब मात्र जुनेच होते. रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात मी तेव्हा कंत्राटी इंजिनीअर होते. आमच्या साहेबांबद्दल मला आजही चांगलं बोलता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही.

खोलीत दोन सर्व्हर होते आणि दोघांत मिळून एक डिस्क. तिच्यात खात्यातल्या सगळ्यांच्या नोकरीच्या नोंदी होत्या. एक सर्व्हर काम करायचा, दुसरा नुसता लक्ष ठेवायचा. दोघांच्या मधे एक निळी वायर होती. तिच्यातून दुसरा सतत पहिल्याला विचारायचा, आहेस ना? उत्तर आलं नाही की हा गेला असं समजून तो डिस्कचा ताबा घ्यायचा. सगळ्या कारभाराचा जीव त्या चार हात वायरीत होता. म्हणून मी नोटशीट लिहिली, की अशी आणखी एक वायर टाकावी आणि त्यासाठी दोन्ही मशीनना एकेक नेटवर्क कार्ड घ्यावं.

साहेब हसले. "एक लगी है न? मैडम, आप डरती बहुत हो." नोटशीट फायलीत गेली.

मग विश्वकर्मा पूजा आली. माझं कंत्राट त्याच महिन्याच्या शेवटी संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही, हे साहेबांच्या हातात होतं. तरी मी त्यांच्याशी भांडले. औजारांना आज विश्रांती, सर्व्हर बंद करा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बंद होणार नाहीत. जिंकले. त्याचा राग त्यांनी असा काढला, की मला सदर बाजारात पेढे आणायला पिटाळलं. इंजिनीअरला! मी दात-ओठ खात गेले.

परत आले तर सगळे ऑपरेटर हात बांधून बसलेले. एकही नोंद धड उघडत नव्हती. मी सर्व्हरच्या खोलीकडे धावले. दारावर आंब्याची पानं आणि झेंडू झुलत होते, आणि ते ओवले होते माझ्या निळ्या वायरीत.

"फालतू तार थी," साहेब म्हणाले. "न दीवार में जाती थी, न कहीं. सुतली नहीं मिली तो लगा दी."

वायर काढल्यावर दुसऱ्या सर्व्हरला वाटलं पहिला मेला. पहिला तर जिवंतच होता. दोघंही एकाच डिस्कवर लिहीत सुटले आणि नोंदींचा चिवडा झाला. मशिनी बंद करू दिल्या असत्या तर हे टळलं असतं, हे मला तिथंच कळलं आणि राग आणखीच चढला. मी तोरणाला हात घातला.

"हाथ मत लगाना. पूजा का है, कल उतरेगा."

चौकशी बसली. साहेबांनी लिहून दिलं, की त्या तारेचं महत्त्व मॅडमनी कधी सांगितलंच नाही. चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, फाईल काढा, माझी नोटशीट आहे. फाईल आली. नोटशीट नव्हती. पानांचे क्रमांक मात्र ताज्या शाईने नव्याने घातलेले होते.

"कॉपी तो होगी आपके पास?" चौकशीवाल्याने विचारलं. बिचाऱ्याने चांगल्या मनानेच विचारलं असावं.

कंत्राट गेलं. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी येऊन मी साहेबांना तोंडाला येईल ते बोलत होते. बाबा रेल्वेत क्लार्क होते, रिटायर झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नकल ठेवली नव्हती का तू?"

"नाही."

"काहून?"

"एक होती ना फायलीत."

"मशिनी दोन पाहिजे, वायरी दोन पाहिजे म्हणून जगाशी भांडून राहिली होती तू," बाबा म्हणाले. "अन् कागद एकच ठेवला, पोट्टे?"