खिडकीबाहेरचा ट्रॉम्बोन

जपानमधल्या नागोयात गाड्यांच्या ब्रेकवर काम करणाऱ्या मोरेश्वर आपट्यांनी पन्नाशीत ट्रॉम्बोन विकत घेतला, तो एका जुन्या रेकॉर्डपायी. जॅझच्या सुरुवातीच्या काळातल्या एका बिग बँडने त्यात एक पारंपरिक ब्लूज गाणं वाजवलं होतं. गाणं मुळात दुःखाचं, पण मधेच ट्रॉम्बोन असा काही लाडात येऊन रडायचा की मोरेश्वरांना हसूच फुटायचं. तो सूर त्यांना हवा होता. घराच्या भिंती पातळ, म्हणून दर रविवारी ते नदीकाठी गाडीत बसून फुंकत. वाद्याची सरकती नळी पुढच्या काचेवर आपटायची, त्यामुळे ती खिडकीतून बाहेर काढावी लागे.

एका रविवारी नळी सरकली आणि तो सूर हुबेहूब निघाला! फिरायला आलेल्या एका आजीबाईंच्या कुत्र्याने मान वर करून त्याच सुरात गळा काढला. मोरेश्वरांनी पुन्हा फुंकलं, कुत्रा पुन्हा रडला. आजीबाई हसून हसून गवतावरच बसल्या. "मो इक्काई! अजून एकदा!" त्या ओरडल्या.

मोरेश्वरांनी धापा टाकत बायकोला फोन लावला. "दिपाली, वाजलं!"

"किती?"

"अगं, वेळ नव्हे, ट्रॉम्बोन! वाजलं एकदाचं!"

"आणि रडतंय कोण ते?"

"साथीदार!" म्हणत त्यांनी फोन सीटवर टाकला आणि गाल फुगवले.