साळवेची पिवळी वायर

साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय?" कुणीतरी खोटं सांगतंय असंच वाटलं. ही सवय मला त्याचीच लागलेली. फुलंब्रीहून रोज आमच्या कॉलेजात येणारा, तिथलं नेटवर्क सांभाळणारा हा माझा मित्र कुणावरच सहजी विश्वास ठेवायचा नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचायचा...

मी ग्रंथपाल. ग्रंथालयाला लागूनच त्याची खोली होती. तिथल्या कपाटात आठ स्विच, म्हणजे कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेट्या, एकावर एक रचलेले. एकमेकांशी जोडायला प्रत्येकाला वायर खोचायचे दोनच पोर्ट, एक वरच्यासाठी आणि एक खालच्यासाठी. सगळ्यात वरच्याचा आणि सगळ्यात खालच्याचा एकेक पोर्ट उरायचा. त्या दोघांत साळवेनं एक लांब पिवळी वायर टाकली होती, मधे कुठं तुटलंच तर उलट्या वाटेनं काम चालावं म्हणून. रोज सकाळी तो एकेक वायर ओढून बघायचा. मी म्हणायचो, "अरे, एवढा संशय तर सासूही सुनेवर घेत नाही." त्यावर तो म्हणायचा, "हिरवा दिवा दिसला म्हणून खरं मानायचं नाय, भाऊ. ओढून बघायचं."

नव्या इमारतीसाठी प्राचार्यांना त्याच साखळीत नववा स्विच हवा होता. "आठाच्या वर जुळत नाय, सर," साळवे म्हणाला. हा काम टाळतोय असं वाटून प्राचार्य बाहेरच्या माणसाला विचारून आले. त्यानंही आठच सांगितले. साळवेला राग यायचा सोडून प्राचार्य आवडायला लागले. खात्री करून घेणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

दिवाळीनंतर तो जिन्यात मधेच थांबायला लागला. "डॉक्टरला दाखवलंस का?" मी विचारलं.

"व्हय, दाखवलं. समदं ठीक हाय."

मी मान डोलावली... तो कुठल्याच दवाखान्यात गेला नव्हता, हे नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. तिलाही तो हेच सांगत होता. सगळ्या जगाची खातरजमा करणाऱ्यानं आम्हाला मात्र नुसत्या शब्दावर ठेवलं, याचा मला राग येतो. अजून येतो.

परवा त्याच्या जागी आलेला गृहस्थ पिवळी वायर हातात घेऊनच आला. "सर, ही उगाच जास्तीची लावलेली दिसते. काढून बघितली, काहीच बंद पडलं नाय."

मी त्याला ती परत लावायला सांगितली. लावल्यावर मी स्वतः ओढून बघितली.

"पण कशाला, सर? समदं ठीक तर हाय."

साळवेही मला हेच सांगायचा.